भर उन्हाळ्यात मेकॅनिक सोडून जातो, तेव्हा करारात काय असायला हवं?

प्रश्न : सीताबर्डीत आमचं एसी आणि कूलरच्या विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, वाडीला गोदाम. वर्षभर 22 माणसं असतात, मार्च ते जून ती 34 वर जातात. पगार बँकेत जातो, पीएफ आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) चालू आहे. बाकी सगळं तोंडी. आजवर एकालाही कागद दिलेला नाही. मागच्या एप्रिलमध्ये दोन मेकॅनिक एकाच आठवड्यात सोडून गेले. दोघांचं इन्व्हर्टर एसीचं प्रशिक्षण मी प्रत्येकी 18,000 रुपये भरून करून घेतलं होतं. त्यांच्यासोबत ग्राहकांचे नंबरही गेले. एकाचा महिन्याचा पगार मी अडवून ठेवला, तर त्यानं कामगार कार्यालयात तक्रार दिली. आता ओळखीचे दुकानदार म्हणतात : पाचशेच्या स्टँपवर दोन वर्षांचा बॉण्ड घ्या, आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घ्या, सोबत एक कोरा चेक. असं करावं का? करार नेमका कसा लिहायचा? आणि जुन्या माणसांचं काय? — एक व्यावसायिक, नागपूर

उत्तर :

आधी त्या अडवलेल्या पगाराचं. तो देऊन टाका. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार माणूस राजीनामा देऊन गेला असो की त्याला काढलेलं असो, त्याचं कमावलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. तुमची घटना त्याआधीची असली, तरी केलेल्या कामाचा पगार अडवून ठेवायची मुभा तेव्हाही नव्हती. त्यानं नोटीस दिली नाही, प्रशिक्षणाचे पैसे वाया घालवले, ही तुमची वेगळी तक्रार झाली. पगार काही तिच्यासाठी ठेवलेलं गहाण नाही. त्यात अडचण अशी की त्याच्याकडे दर महिन्याला पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आहे आणि तुमच्याकडे त्याची सही असलेला एकही कागद नाही. किती दिवस भरले, खाडे किती, उचल किती दिली होती, हे एका कागदावर मांडा, उरलेली रक्कम बँकेतून पाठवा आणि त्याची नोंद तक्रारीच्या फाइलला जोडा.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले. मूळ प्रमाणपत्र ठेवून घेऊ नका. तो त्याचा कागद आहे. तुम्हाला तो ठेवायचा हक्क नाही, आणि भांडण झालं की पोलिसात तक्रार तुमच्यावर होईल. मूळ प्रमाणपत्र बघा, त्याच्या सहीनिशी झेरॉक्स घ्या, झेरॉक्सवर ‘मूळ पाहून परत दिले’ असं लिहून तारीख टाका. कोरा चेक आणि सही केलेला कोरा स्टँप यांच्या वाटेलाच जाऊ नका. पुढे त्यावर काहीही लिहिलं, तरी ‘हे नंतर भरलंय’ एवढ्या एका वाक्यानं तुमचा बाकीचा खरा कागदही संशयात येतो. बॉण्डचं मात्र पूर्ण नाही म्हणता येत नाही. तो घेता येतो, पण दोन वर्षांचा, सगळ्यांकडून, गोळा रकमेचा असा नाही. त्यावर पुढे येतोच.

एकच जाडजूड करार करण्यापेक्षा दोन कागद करा. पहिला, नियुक्तीपत्र : दुकानाच्या लेटरहेडवर, प्रत्येकाला, हेल्परपासून हिशेबनिसापर्यंत. व्यावसायिक सुरक्षितता संहितेनुसार 10 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं आता बंधनकारक आहे, आणि आधीपासून कामावर असलेल्यांना ते संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं होतं. नसेल दिलं तर आजच्या तारखेनं द्या. दुसरा कागद, प्रशिक्षण-खर्चाचा आणि गोपनीयतेचा करार : तो फक्त ज्यांना लागू आहे त्यांच्याशी, स्टँपपेपरवर. वेगळा यासाठी, की उद्या बॉण्डचं एखादं कलम टिकलं नाही तरी पगार, काम, सुट्ट्या यांचा कागद त्या वादात ओढला जात नाही.

स्टँपबद्दल लोकांच्या डोक्यात बराच घोळ असतो. नियुक्तीपत्र लेटरहेडवर चालतं, नोटरी लागत नाही, नोंदणी लागत नाही. दोन्ही पक्षांच्या सहीच्या करारासाठी मात्र मुद्रांक लागतो. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात तो 100 वरून 500 रुपये झालाय, त्यामुळे ड्रॉवरमध्ये पडलेला शंभराचा एकच कागद पुरत नाही. स्टँप दोनपैकी एका पक्षाच्याच नावानं घेतलेला हवा, वकिलाच्या किंवा टायपिस्टच्या नावानं नाही. घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायला हवा. मुद्रांक कमी पडला म्हणून करार रद्द होत नाही, पण कोर्टात पुरावा म्हणून दाखवायच्या वेळी आधी फरक आणि दंड भरावा लागतो.

नियुक्तीपत्रात नाव, पत्ता, पद, रुजू दिनांक हे सगळेच लिहितात. घोटाळा पुढच्या ओळींत होतो. ‘मेकॅनिक’ एवढंच लिहून थांबू नका. अकुशल, अर्धकुशल की कुशल तेही लिहा, कारण किमान वेतन त्यावर ठरतं. दुकाने व आस्थापनांच्या किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. म्हणून पगाराच्या आकड्याखाली एक ओळ हवीच : ‘शासनाने जाहीर केलेले किमान वेतन यापेक्षा जास्त झाल्यास जास्तीचे वेतन त्या तारखेपासून लागू राहील.’ ही ओळ नसली तरी कायदा लागू होतोच. पण असली की हिशेबनीस दर जानेवारी-जुलैत दर तपासायला विसरत नाही.

कामाचं ठिकाण ‘सीताबर्डी’ एवढंच लिहिलंत, तर बुटीबोरीच्या कारखान्यात डक्टेबल युनिट बसवायला पाठवलं की ‘हे माझ्या कामात नाही’ हे ऐकावं लागेल. ‘नागपूर शहर, वाडी, हिंगणा, कामठी, बुटीबोरी, काटोल, उमरेड, वर्धा असे बाहेरगावचे काम असल्यास प्रवास व जेवणाचा खर्च वेगळा’ असं गावांच्या नावांनिशी लिहा. दुचाकी कोणाची, पेट्रोल किलोमीटरच्या हिशेबानं की महिन्याला ठोक, लायसन्सची प्रत फाइलला आहे की नाही, हेही तिथेच. आणि फिरतीवरच्या माणसाची हजेरी केव्हा सुरू होते ते ठरवा : दुकानातून जॉबकार्ड घेऊन निघाल्यापासून की पहिल्या ग्राहकाच्या दारात पोचल्यापासून? आमच्या मते दुकानातून निघाल्यापासून धरा. दुसरी पद्धत कागदावर स्वस्त दिसते, पण एप्रिलमध्ये रोज तासभर फुकट राबल्याची भावना आली, की माणूस मे महिन्यात शेजारच्या दुकानात दिसतो.

आठवड्याला 48 तासांच्या वर काम घेतलं तर नेहमीच्या दराच्या दुप्पट वेतन द्यावं लागतं. ‘सीझनमध्ये वेळेचे बंधन राहणार नाही’ अशी ओळ बऱ्याच करारांत सापडते. तिला काडीचा अर्थ नाही. तपासणीत उलट तीच ओळ तुम्ही ओव्हरटाइम बुडवता याचा पुरावा ठरते. जॉबकार्डवर सुरुवातीची आणि संपल्याची वेळ आणि ग्राहकाची सही घेतली, की ओव्हरटाइमचा हिशेब आपोआप तयार होतो. नवतपाच्या दिवसांत दुपारी बारा ते चार गच्चीवरचं आउटडोअर युनिट बसवायचं काम घ्यायचं नाही, हे शक्य असेल तर लेखी घालाच. पंचेचाळीस अंशांत तापलेल्या पत्र्यावर चढवलेला माणूस चक्कर येऊन पडला, तर तुमचा सीझन तिथेच संपतो.

उंचीवरच्या कामाबद्दल आणखी एक. ‘अपघात झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही’ असं वाक्य टाकायचा मोह होतो. टाकू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात रद्दबातल आहे, कामगारानं स्वतःच्या हातानं लिहून दिला तरी. त्याऐवजी ‘सेफ्टी बेल्ट, हेल्मेट व दोरी दुकानातर्फे मिळेल, बेल्ट न लावता पहिल्या मजल्याच्या वर काम करता येणार नाही, तसे सांगितले गेल्यास नकार देता येईल’ असं लिहा आणि बेल्ट दिल्याची सही घ्या. नवा माणूस ज्या दिवशी रुजू होईल त्याच दिवशी त्याची ईएसआयसी नोंद करा. ‘तीन महिने टिकला की बघू’ हा प्रकार पीएफलाही चालत नाही आणि ईएसआयसीलाही नाही. दोन्ही पहिल्या दिवसापासून लागतात.

पगाराची फोड नीट बसवा, कारण नव्या संहितांनी नेमकं इथेच बोट ठेवलंय. मूळ वेतन आणि महागाई भत्ता सोडून घरभाडं, प्रवासभत्ता, कमिशन वगैरे मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. समजा मेकॅनिकला एकूण 24,000 मिळतात : मूळ वेतन व महागाई भत्ता 9,000, घरभाडं 6,000, प्रवासभत्ता 5,000, कमिशन 4,000. इतर रकमा झाल्या 15,000; निम्मे होतात 12,000. वरचे 3,000 वेतनात येतात आणि वेतन 9,000 ऐवजी 12,000 धरलं जातं. पीएफचे 12 टक्के 1,080 ऐवजी 1,440, तुमच्याकडून तितके आणि त्याच्याकडून तितकेच. ईएसआयसीत त्याचे पाऊण टक्का, तुमचे सव्वातीन टक्के. मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवायच्या जुन्या खेळात आता काही उरलेलं नाही. ते सरळ निम्म्याला नेऊन ठेवा, म्हणजे दर महिन्याला पुन्हा गणित मांडावं लागणार नाही. पत्रात रकमा महिन्याच्या लिहा आणि ‘हातात किती पडतील’ हाही आकडा लिहा. रुजू होताना सांगितलेले 24,000 आणि खात्यात आलेले त्याहून कमी, यावरून पहिल्याच महिन्यात मन खट्टू होतं, आणि दोष हिशेबाचा नसतो, सांगण्याचा असतो. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, पावतीसह.

व्यवसायकर, दिवाळीचा बोनस, 26 आठवड्यांची प्रसूती रजा यांसाठी ‘लागू कायद्यानुसार’ एवढी एक ओळ पुरे. नियुक्तीपत्रात सगळा कायदा उतरवत बसलात, तर दर बदलला की पत्र खोटं ठरतं. 10 च्या वर माणसं असल्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती तुम्हाला लागतेच. तिच्या सदस्यांची नावं दुकानात लावा.

सुट्ट्यांना मात्र थोडा वेळ द्या. दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 प्रमाणे वर्षाला 8 सणांच्या पगारी सुट्ट्या असतात : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. नागपुरात पोळा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी, ईद यांतलं काय घ्यायचं ते डिसेंबरातच बसून ठरवा, यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि दुकानात लावा. 1 मे ऐन धंद्यात येतो. त्या दिवशी बोलावणार असाल तर दुप्पट वेतन द्यावं लागेल, हे धरूनच जॉब बुक करा. याशिवाय 8 दिवसांची किरकोळ रजा, ती तिमाहीच्या हिशेबानं जमा होते. वार्षिक भरपगारी रजा दर 20 कामाच्या दिवसांमागे एक.

हत्यारांसाठी नियुक्तीपत्राला एक पान जोडा. मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्यूम पंप, क्लॅम्प मीटर, फ्लेअरिंग टूल, ड्रिल : प्रत्येकासमोर कंपनी, सिरीयल नंबर, दिल्याची तारीख, त्या दिवसाची किंमत आणि त्याची सही. गॅसच्या सिलिंडरचं वजन देताना आणि परत घेताना काट्यावर. हरवलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूची रक्कम पगारातून तेव्हाच कापता येते, जेव्हा ती वस्तू खास त्याच्या ताब्यात दिलेली होती, नुकसान त्याच्या हलगर्जीपणानं झालं आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली. सहीचं पान नसेल तर पहिली अटच सुटते. सगळ्या वजावटी मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत, हेही लक्षात ठेवा. उचलीचंही तसंच : रक्कम, तारीख आणि दरमहा कापायचा हप्ता उचलीच्या वहीत लिहून सही. ‘उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येणार नाही’ असं चुकूनही लिहू नका. माणसाला कर्जापायी कामाला बांधणं 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्यात गुन्हा आहे, आणि तिथे रक्कम लहान की मोठी हे बघितलं जात नाही.

पैशांचं कलम बहुतेक करारांत नसतंच, आणि दुरुस्तीच्या धंद्यात खरी गळती तिथेच असते. ग्राहक मेकॅनिकच्या मोबाइलवर पैसे पाठवतो, गॅस तुमच्या सिलिंडरमधला, पावती कुठेच नाही. लिहा : ‘ग्राहकाकडून रक्कम फक्त दुकानाच्या क्यूआर कोडवर किंवा छापील पावतीवर घ्यायची, रोख रक्कम त्याच दिवशी जमा करायची, नोकरीत असताना दुकानाच्या ग्राहकाचे खासगी काम घ्यायचे नाही.’ नोकरी चालू असताना दुसरं काम न घेण्याची अट टिकते. सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्येच तसा निकाल दिलाय. याचा भंग हे गैरवर्तन, असं स्पष्ट लिहा. पण ‘दुकान केव्हाही, कारण न देता काढू शकेल’ असं लिहू नका. गैरवर्तन असलं तरी आधी कारणे दाखवा नोटीस, मग उत्तर, मग चौकशी, मग आदेश. हा क्रम मोडला की चोरी पकडूनही खटला हातचा जातो.

आता ग्राहकांचे नंबर. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं नागपुरात एसीचं काम करणार नाही’ अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम 27 नुसार रद्दबातल आहे. माणसाच्या हातातलं कसब तुम्हाला अडवता येत नाही. यादी मात्र अडवता येते. गोपनीय म्हणजे काय ते नावानिशी लिहा : ग्राहकाचं नाव, नंबर, पत्ता, मशीनचं मॉडेल, एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपायची तारीख, तुमचे खरेदीदर. ‘दुकानाची सर्व माहिती’ असं ढोबळ लिहिलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न कागदापेक्षा सिमकार्डानं जास्त सुटतो. ग्राहकाशी बोलणं दुकानाच्या नंबरवरून, मेकॅनिकला कंपनीचं सिम, जॉबकार्डावर ग्राहकाचा पत्ता पुरेसा. ग्राहकाच्या मनात दुकानाचा नंबर बसला असेल, तर मेकॅनिक गेल्यानं फोन वळत नाही.

आणि बॉण्ड. प्रशिक्षणाचा खरा खर्च वसूल करायचा करार घेता येतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात किमान सेवेचा आणि आधी सोडल्यास 2 लाख रुपयांचा करार वैध ठरवला. पण तो निकाल एका सरकारी बँकेचा, तिथल्या भरतीच्या खर्चाचा होता. दुकानदारानं हेल्परकडून 2 लाख लिहून घ्यायला तो आधार नाही. करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात आकडा कितीही मोठा असला, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. म्हणून आकडा स्वतःच वाजवी ठेवा आणि तो दरमहा उतरता ठेवा. 18,000 रुपये, 12 महिने : महिन्याला 1,500 नं कमी. प्रशिक्षणानंतर पाच महिन्यांनी गेला तर सात महिन्यांचे 10,500 देणं. सोबत फीची पावती, प्रवासखर्चाची बिलं, प्रशिक्षणाच्या तारखा आणि तो स्वतः हजर होता याचा पुरावा. करार प्रशिक्षणाला जाण्याआधी झालेला हवा. परत आल्यावर पगारवाढीच्या कागदात गुपचूप घुसवलेला बॉण्ड कोर्टाला लगेच दिसतो. दुकानातच सीनियर मेकॅनिकच्या हाताखाली शिकलेल्याकडून बॉण्ड घेऊ नका. तो शिकला तसा तुमच्याकडे राबलाही आहे.

नोटीस दोन्ही बाजूंनी 30 दिवस, सारखीच ठेवा. त्याला 60 आणि तुम्हाला 15 असं लिहिलेलं पत्र समोर आलं, की कामगार अधिकारी पुढचं वाचायच्या आधीच मत बनवतो. तुमच्याकडून मंदीपायी कपात होत असेल, आणि माणूस वर्षभर सलग कामावर असेल, तर महिन्याच्या नोटिशीसोबत दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचं वेतनही लागतं.

उन्हाळ्यापुरत्या बारा माणसांसाठी ठरावीक मुदतीचा करार करा : ‘1 मार्च ते 30 जून’, तारखांसह, लेखी. मुदत संपली की नोकरी संपते, ती कपात धरली जात नाही. पण अटी दोन. त्याच कामाच्या कायम माणसापेक्षा पगार आणि सुविधा कमी नसाव्यात. आणि मुदतीनंतर तो एक दिवसही कागदाशिवाय कामावर नसावा. इथेच लोक फसतात : 30 जूनला एखादे वर्षी पाऊस लागलेला नसतो, तक्रारी चालू असतात, माणूस 20 जुलैपर्यंत येत राहतो, आणि मग ‘मी तर कायम होतो’ हा दावा उभा राहतो. वाढवायचं असेल तर 30 जूनच्या आत वाढीव मुदतीचं पत्र द्या. तीच माणसं वर्षभर, दर चार महिन्यांनी दोन दिवसांचा खंड दाखवून ठेवायची युक्ती करू नका. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायम हक्क नाकारणं महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथा ठरते. आणि ठरावीक मुदतीच्या करारावर सलग वर्ष भरलं तर ग्रॅच्युइटीही लागू होते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. काही दुकानं ही माणसं ‘ठेकेदार’ दाखवून टीडीएस कापतात. वेळ तुमची, हत्यारं तुमची, जॉबकार्ड तुमचं, तर तो ठेकेदार कसा?

जुन्या माणसांना पत्र देताना मागची तारीख टाकू नका. आजच्या तारखेचं पत्र, त्यात ‘आपण 12 जून 2016 पासून सलग सेवेत आहात’ असा त्याच्या खऱ्या रुजू तारखेचा उल्लेख. नवी रुजू तारीख लिहून जुनी वर्षं पुसायचा सल्ला कोणीतरी देईलच. त्यात किती पैसे अडकलेत ते बघा : मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 14,000, सेवा 9 वर्षं, तर ग्रॅच्युइटी 14,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 9, म्हणजे सुमारे 72,692 रुपये. पीएफच्या नोंदीत जुनी तारीख असतेच, मग पत्रातली नवी तारीख तुमचंच खोटेपण दाखवते. या पत्रात आज मिळतंय त्यापेक्षा काही कमी करू नका. पाळ्या, सुट्ट्या, भत्ते असं काही बदलायचंच असेल तर ते वेगळ्या सूचनेनं, 21 दिवस आधी.

एवढं सगळं लिहूनही एप्रिलमध्ये माणूस जाऊ शकतो, कारण शेजारचा 3,000 जास्त देतो. त्यावर आमच्या मते बॉण्डपेक्षा सीझनअखेरची रक्कम जास्त कामाची. नियुक्तीच्या वेळीच लिहून द्या : ‘1 मार्च ते 30 जून कामावर राहिल्यास आणि चारपेक्षा जास्त खाडे नसल्यास 12,000 रुपये, 10 जुलैला.’ रक्कम तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा, पण अट स्पष्ट आणि तारीख पक्की हवी. पहिल्या वर्षी 10 जुलैला ती खरोखर खात्यात पडली, की पुढच्या मार्चमध्ये हे कलम कोणाला वाचून दाखवावं लागत नाही. टाळाटाळ करणार असाल तर लिहूच नका, कारण लिहिलेली रक्कम देणंच लागते.

सहीच्या दिवशी घाई नको. तुमच्याकडे छिंदवाडा, बालाघाटकडची मुलं असतील. त्यांना मराठी वाचता येत नसेल तर हिंदीत प्रत द्या. वाचता येतच नसेल तर वाचून दाखवा आणि ‘मजकूर हिंदीत वाचून समजावला’ असं लिहून वाचणाऱ्याची सही घ्या. दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, तारीख त्याच्या हातची. एक प्रत त्याला त्याच दिवशी द्या आणि मिळाल्याची सही तुमच्या प्रतीवर घ्या. घरी नेऊन दाखवतो म्हणाला तर नेऊ द्या. बोलणी व्हॉट्सॲपवर झाली असतील तर ‘पगार इतका देतो’ हा मेसेजही पुरावा धरला जातो, तेव्हा पत्रातला आकडा आणि मेसेजमधला आकडा एकच असू द्या.

आणि कोणी न सांगता यायचं बंद केलं, तर लगेच नाव कापू नका. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप आणि स्पीड पोस्टनं फाइलमधल्या पत्त्यावर पत्र : कामावर हजर व्हा किंवा कारण कळवा, 7 दिवसांत. उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र, तेवढ्याच मुदतीचं. मग कारणे दाखवा नोटीस. पोस्टाच्या पावत्या आणि परत आलेली पाकिटं न फोडता फाइलला ठेवा. त्याच्या हत्यारांच्या पानावर काय परत आलं नाही ते लिहा, पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख आदेशानंतर टाका, आणि त्याचा देय पगार तोवर खात्यात गेलेला असू द्या.